चुऱ्याचे आठ डबे

टोफूचा चुरा उरला तर त्याचं काय करावं, हा प्रश्न ज्यांच्या घरात कधी आला नाही त्यांनी देवाला हात जोडावेत. आमच्या घरात तो आला, आणि आला तो एकदम सहा किलोंनी आला.

टोफू म्हणजे काय हे मलाही चार महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं. सोयाबीन भिजवतात, वाटतात, गाळून त्याचं दूध काढतात, ते उकळून फाडतात आणि फडक्यात गुंडाळून साच्यात दाबतात. दाबल्यावर पांढरी, चौकोनी, साबणासारखी वडी निघते. म्हणजे निघावी अशी अपेक्षा असते. आमच्या सुनेच्या साच्यातून ती निघत नव्हती. साचा उलटा केला की वडी क्षणभर वडीसारखी दिसायची, आम्ही तिघं (ती, बायको आणि मी) श्वास धरायचो, आणि मग एका कोपऱ्यातून मान टाकल्यासारखी ती ढासळायची. सून चुरा गोळा करून फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवसाचं सोयाबीन भिजत घालायची.

सून पाच वर्षं एका कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर होती. ज्याची वस्तू बिघडली त्याने हिच्यावर ओरडायचं आणि हिने "आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हणायचं, असं ते काम. संध्याकाळी घरी आली की तिचा आवाज संपलेला असे. जेवताना मीठ हवं असलं तर बोटाने दाखवायची. एक दिवस तिने ती नोकरी सोडली आणि कोणालाही न विचारता हे दाबयंत्र महिनाभराच्या बोलीवर घरी आणलं. जमलं तर ठेवायचं, नाही जमलं तर यंत्रवाला येऊन घेऊन जाणार. यंत्र ओट्यावर बसलं त्या दिवसापासून ती काम करताना गुणगुणायला लागली. मुलगा कामासाठी परगावी असतो. त्याने फोनवर विचारलं, "मागे कोण गातंय?" मी म्हटलं, "तुझी बायको." तो म्हणाला, "फोन जरा तिच्याजवळ धरा."

महिना रविवारी संपत होता. कोपऱ्यावरचा खाणावळवाला माल घ्यायला तयार होता, पण त्याला अख्ख्या, काटकोनी वड्या हव्या होत्या. तिकडे फोनवाल्यांनी "जागा अजून रिकामी आहे" असा निरोप पाठवला होता. थोडक्यात, रविवारपर्यंत वडी उभी राहिली नाही तर यंत्र जाणार, सून पुन्हा फोनला बसणार आणि आमच्या घरात पुन्हा मीठ बोटाने मागितलं जाणार. हा झाला पूर्वरंग. पूर्वरंग लांबला की मागच्या रांगेतले श्रोते चपला शोधायला लागतात, तेव्हा आख्यानाला लागतो.

सुरुवातीला आम्ही चुरा खाल्ला. अन्न टाकायचं नाही हा आमच्या घरातला जुना दंडक आहे, आणि बायकोने तो शर्थीने पाळला. कांद्यावर परतून झाला, सूपमध्ये घालून झाला, पावात भरून झाला. त्याचे कटलेट झाले. तव्यावर तांबूस होईपर्यंत कोरडा करून नूडल्सवर भुरभुरला. एकदा तर मिरपूड, लिंबू घालून घोटला आणि पावाला लोण्यासारखा फासला, आणि तो खरंच बरा लागला. माझं म्हणणं, पदार्थ वाईट नव्हताच. पण चांगल्या गवयाचं गाणंसुद्धा माणूस बारा दिवस सलग, तिन्ही त्रिकाळ ऐकू शकत नाही. बाराव्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "अहो, मी निभावून नेईन. पण तुम्ही काल झोपेत दोनदा 'नको' म्हणालात."

फ्रिजमध्ये तेव्हा सहा किलो शिल्लक होता. दुधाला जागा नव्हती. सून दार उघडायची, ते पांढरे ढीग बघायची आणि हळूच दार लावायची. दर वेळी तिचा चेहरा थोडा उतरलेला असे. मला ते बघवेना. मी तिला म्हटलं, "बाळ, तू पुढची वडी बघ. मागच्या चुऱ्याचं मी बघतो." ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला कशाला त्रास?" मी म्हटलं की मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक टेबल सांभाळलं आहे. आलेला कागद जावक कसा करायचा हे मला कोणी शिकवू नये.

हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

पहिली चूक म्हणजे मी जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांना सल्ला विचारला. आमच्या इमारतीत नळ गळाला तर माणूस मिळत नाही, पण सल्ला कधी कमी पडत नाही. तळमजल्याचे औषधवाले म्हणाले, चेहऱ्याला लावा, कातडी उजळते. माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून मग म्हणाले, "किंवा राहू द्या." शिवणकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, गोठवून ठेवा, त्याचा स्पंज होतो आणि मग काहीही भरलं तरी शोषतो. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, झाडांना घाला, नत्र असतं. सेक्रेटरी पूर्वी कुठल्याशा खतांच्या कंपनीत हिशेबनीस होते, त्यामुळे मला ते शास्त्र वाटलं. मी मागच्या बाजूच्या बारा कुंड्यांत सढळ हाताने नत्र घातलं. दोन दिवसांत तिथे मुंग्यांची वसाहत झाली, पाच अनोळखी मांजरं राहायला आली, आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात नोटीस लागली: "कुंड्यांत अज्ञात व्यक्ती पांढरा पदार्थ टाकत असून संबंधिताने तो त्वरित काढावा." खाली सही सेक्रेटरींची. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मी एक चमचा म्हणालो होतो." चमच्याचा उल्लेख झाला नव्हता, पण लेखी काहीच नव्हतं. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर मी तोंडी आदेशावर काम केलं, ही शरम माझी मला.

कुंड्या साफ केल्या आणि सरळ मार्गाने जायचं ठरवलं. चुऱ्याला आता वास यायला लागेल या भीतीने मी त्यातला अर्धा किलो ओल्या कचऱ्याच्या गाडीपाशी नेला. (टाकायचं नाही हा दंडक मला आठवत होता. मी फक्त चौकशीला नेला होता, असं मी स्वतःला सांगितलं.) गाडीवाला म्हणाला, असलं पांढरं आम्ही घेत नाही, वॉर्डातून परवानगी आणा.

वॉर्डाच्या खिडकीत एक तरुण कारकून होता. त्याच्या टेबलावर कागद इतके नीट रचलेले होते की मला आतून भरून आलं. त्याने अर्ज काढला. पदार्थ दुग्धजन्य आहे का? मी म्हटलं, दूध आहे, पण कुठल्या जनावराचं नाही. धान्य? धान्य नाही, पण धान्याच्याच दुकानात मिळतं. शिजलेलं की कच्चं? मी म्हटलं, उकळलेलं आहे, पण पुन्हा शिजवावं लागतं. त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे फार सहानुभूतीने बघितलं. मग "इतर" या रकान्यावर खूण केली, नमुना म्हणून डब्यातला चुरा ठेवून घेतला आणि पोच दिली. चौथ्या दिवशी डबा घरी परत आला. वर चिठ्ठी होती: "नमुना पाहिला. सदर पदार्थ कचरा या व्याख्येत बसत नाही. सबब अर्ज निकाली." मी दिला होता अर्धा किलो. परत आला तो जेमतेम पावशेर. उरलेल्याबद्दल शेऱ्यात काही नव्हतं.

ती चिठ्ठी मी टाकली नाही. का कोण जाणे, जपून ठेवावीशी वाटली.

आता मला मार्ग सुचला तो कीर्तनातून. आमचे बुवा एक गोष्ट नेहमी सांगतात आणि ती सांगताना त्यांचा आवाज भरून येतो: साठवलेलं नासतं, वाटलेलं वाढतं. मी हे शंभर वेळा ऐकून शंभर वेळा डोळे पुसले होते. मनात म्हटलं, अरे, उत्तर कानांत होतं आणि आपण वॉर्डात शोधत होतो. बुधवारी सकाळी सून बाजारात गेलेली असताना मी आठ डबे काढले, रोजच्या नव्या घाण्यांनी पुन्हा सहा किलोंवर गेलेला चुरा सारखा वाटला, प्रत्येक डब्यात पाऊण किलो बसवला आणि आठ घरी देऊन आलो. सात घरांनी तोंडभरून हसून घेतले, आठव्याने दाराच्या फटीतून हात काढून घेतला. सून परत आली, तिने फ्रिज उघडला आणि थबकली. मी म्हटलं, "शेजाऱ्यांनी मागून नेला. आवडला म्हणे." ती हसली. बऱ्याच दिवसांनी, दात दिसतील असं. त्या दुपारी तिचं गुणगुणणं थेट जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. खोटं बोलण्याचं पाप मला लागलं असेल, पण त्या दिवशी ते मला पुण्यासारखं लागत होतं.

इथे मी एक गोष्ट विसरलो होतो, जी आमच्या इमारतीतलं शेंबडं पोरही विसरत नाही. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही. इमारतीच्या नियमावलीत लिफ्टपासून लोंबणाऱ्या टॉवेलपर्यंत सगळं आहे, पण हे नाही. तरी तो कोणी मोडत नाही. घरात काहीच नसलं तर माणूस चमचाभर साखर घालतो, पण रिकामा डबा शेजाऱ्याच्या हातात ठेवत नाही. तो अपमान समजतात. आणि आठ घरांत आठ डबे भरून द्यायची वेळ अचानक आल्यावर, हाताशी सगळ्यात आधी काय असणार?

गुरुवारी दुपारी शिवणवाल्या ताईंचा डबा आला. कटलेट. संध्याकाळी औषधवाल्यांकडून सूप आलं, झाकणावर चिठ्ठी: जेवणानंतर दोन वेळा. सेक्रेटरींनी मोठ्या भोपळी मिरच्या भरून पाठवल्या, आतलं सारण ओळखीचं. शुक्रवारी सकाळी केक आला. केकला मी आशेने चिमटा काढला, तर आत पांढरे कण. त्यानंतर नूडल्स आल्या, पावावरचं लोणी आलं, आणि सातव्या घराने तर ताईंच्या सल्ल्याप्रमाणे गोठवून स्पंज केला होता आणि सल्ल्याप्रमाणेच त्याने काहीही शोषलं होतं. मी सात डबे ओट्यावर मांडले आणि वजनकाट्यावर ठेवले. सव्वापाच किलो गेला होता. परत आला तो जवळजवळ आठ किलो, कांदा, मिरची, साखर, मैदा यांच्यासह. वाटलेलं वाढतं हे बुवा सांगत होते ते इतकं शब्दशः असेल असं मला वाटलं नव्हतं. जावक केलेला कागद सात टेबलांवरून सात शेरे घेऊन परत आवक झाला होता.

मी डबे लपवायच्या आत सून आली. तिने कटलेटचा तुकडा तोंडात टाकला. चावला. मग मिरचीचा. मग केकचा. ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबा, हे सगळं माझंच आहे ना?"

मी म्हटलं, थोडंफार असेल.

"सगळ्यांनी परत पाठवलं."

"अगं, पाहुणचार आहे तो. आपली रीत आहे."

"पाच वर्षं मी हेच ऐकलं, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "शिव्या देणारा माणूस कधीकधी वस्तू ठेवून घेतो. गोड बोलणारा परत करतोच."

ती आत गेली. थोड्या वेळाने दाराआडून तिचा आवाज आला. ती यंत्रवाल्याशी बोलत होती: रविवारी सकाळी या, न्यायची तयारी करून ठेवते. रात्री जेवताना तिने मिठाकडे बोट दाखवलं. बायकोने मीठ दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी हातातला घास खाली ठेवला. घास अर्थातच कटलेटचा होता.

शनिवारी संध्याकाळी मी फिरून आलो तर आठवा डबा दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेला. बेल वाजवली नव्हती. चिठ्ठी नव्हती. झाकण उघडलं. आत काही नव्हतं. घासलेला, पुसलेला, लख्ख रिकामा.

वास्तविक सात भरलेल्या डब्यांनी मला जेरीस आणलं होतं, तेव्हा रिकाम्याने सुटका वाटायला हवी. पण माणसाचा मान ही चीज तर्काने चालत नाही. मला संताप आला. आवडलं नाही तर नाही, पण साखरेचा दाणा टाकायला काय झालं होतं? हा डबा होता वरच्या मजल्यावरच्या हेडबाईंचा. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि जिन्यात भेटल्या तर माझ्या चपलेचा अंगठा सैल झालाय हेसुद्धा सांगणाऱ्या. अशा बाईंना रीत माहीत नाही असं कसं होईल? म्हणजे हा मुद्दाम केलेला शेरा होता. मी डबा घेऊन तसाच दोन जिने चढलो. प्रत्येक पायरीवर एकेक वाक्य तयार केलं. वर पोचलो तेव्हा दम इतका लागला होता की एकही शिल्लक राहिलं नाही.

बाईंनी दार अर्धंच उघडलं. तोंडावर रुमाल धरलेला. माझ्या हातातला डबा बघितला आणि ज्या बाईंपुढे आमच्या मुलाचा सगळा वर्ग थरथरायचा त्या बाईंची मान खाली गेली.

"रिकामा दिला म्हणून आलात ना," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. लाज वाटली म्हणूनच बेल वाजवली नाही. पण घालायला घरात साखरसुद्धा नव्हती हो. तीन आठवडे झाले, गॅस फक्त दूध-पेजेपुरता लावते."

मग त्यांनी रुमाल थोडा खाली केला आणि पुन्हा वर घेतला. हिरड्यांचं ऑपरेशन झालं होतं. कवळी अजून महिनाभर लावायची नव्हती. आयुष्यभर शब्दनशब्द स्वच्छ उच्चारायला शिकवलेल्या बाई, दातांशिवाय कोणाला दिसायचं नाही म्हणून दार लावून बसल्या होत्या. दूध आणि पेज, पेज आणि दूध. बुधवारी माझा डबा गेला. बाईंनी आधी तो बाजूला ठेवला. रात्री भूक लागली म्हणून चमचाभर कोमट पाण्यात कालवला, मीठ-मिरपूड घातली.

"चावावं लागलं नाही," त्या म्हणाल्या. "तीन आठवड्यांनी जेवल्यासारखं वाटलं. तीन दिवस पुरवून खाल्ला. शेवटी डबा बोटाने पुसला, आता तुमच्यापासून काय लपवायचं. तुमच्या सुनेला सांगा, वडी असती तर मी ती परत पाठवली असती." थोडं थांबून, एखाद्या लहान मुलीने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "उद्या आहे का?"

मी काय बोललो ते आठवत नाही. नमस्कार केला एवढं नक्की. कीर्तनात डोळे पाणावले तर आजूबाजूला सगळ्यांचेच पाणावलेले असतात, त्यामुळे चालून जातं. जिन्यात एकट्याचे पाणावले की फार पंचाईत होते. समोरून सेक्रेटरी येत होते. त्यांनी विचारलं, कुंडीत पुन्हा काही घातलंत का?

घरी येऊन मी सुनेला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांत विश्वास नव्हता. "बाबा, शेजाऱ्यांनी मागून नेला, हेही तुम्हीच सांगितलं होतं."  बुधवारचं पुण्य शनिवारी वसूल झालं. मी वॉर्डाची चिठ्ठीसुद्धा काढून दाखवली: हा पदार्थ कचरा नाही, शिक्क्यासह. तिने वाचली, घडी केली आणि परत दिली.

शेवटी बायको बोलली. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "ह्यांचं सोड. पण बाई खोटं कौतुक करत नाहीत. त्यांनी आपल्या पोराला निबंधात शून्य दिलं होतं, आणि तो मीच लिहून दिलेला होता. तू स्वतः जाऊन बघ."

रविवारी सकाळी सुनेने शेवटचा घाणा काढला. साचा उलटा केला, वडी क्षणभर उभी राहिली आणि सवयीप्रमाणे ढासळली. सुनेने त्या कोमट चुऱ्यातले चार चमचे बाईंच्या त्याच डब्यात घातले आणि ती वर गेली. ती गेली आणि यंत्रवाला आला, हातात पाना, खांद्यावर दोरी. मला वाटलं, झालं. पण बायकोने त्याला खुर्ची दिली आणि म्हणाली, "ती वर गेलीय. आल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. तोवर खाऊन घ्या." आणि सात डब्यांतलं एकेक त्याच्यापुढे वाढायला सुरुवात केली. तो भला माणूस. चौथ्या डब्यापर्यंत त्याने तक्रार केली नाही. पाचव्याला विचारलं, "ताईंना वर अजून किती वेळ लागेल?"

पाऊण तास लागला. वर काय बोलणं झालं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. जिन्यात पावलं वाजली, दार लोटलं गेलं. सुनेच्या हातात डबा होता. तिने तो ओट्यावर ठेवला, झाकण काढलं आणि आम्हाला आतलं दिसेल असा कलता केला. रिकामा. कडेला बोट फिरवल्याच्या रेघा.

यंत्रवाला घाईघाईने उठला. "मग खोलायचं ना, ताई?"

"नाही," सून म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखा मोकळा होता. "यंत्र राहू दे. दाब कमी कसा करायचा, तेवढं दाखवून जा. मला आता मोडणारा टोफूच हवाय."

त्याने पाना काढून दोन नट सैल केले आणि जाताना, बायकोच्या आग्रहाखातर, भोपळी मिरच्यांचा डबा घेऊन गेला. खाणावळवाल्याला निरोप गेला की वड्या होणार नाहीत. फोनवाल्यांना काय निरोप गेला ते मी विचारलं नाही. बाईंनी त्यांच्या दातांच्या डॉक्टरांना सांगितलं म्हणे, आणि डॉक्टरांकडे येणाऱ्या दोन आजोबांनी पत्ता विचारला. त्यापुढचं मला ठाऊक नाही, आणि देवाच्या कामात मी पुन्हा ढवळाढवळ करणार नाही.

यंत्रवाल्याचा डबा मंगळवारी परत आला. भरलेला. काय होतं ते सांगायला नको.

वरून मात्र डबा रोज रिकामाच येतो. बाईंची कवळी बसल्यावरही येत राहिला. बायको तो लगेच जागेवर ठेवत नाही. थोडा वेळ ओट्यावर, सून काम करते तिथे, तसाच उघडा राहू देते.